पार्ट आणायला निघण्याआधी: कॉम्प्युटर अपग्रेडची जुळवाजुळव

ठाण्याहून मुंबईच्या कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. एवढं करून घरी आल्यावर रॅम खाचेत बसत नाही असं कळलं, तर दिवस वाया जातो, आणि सील फोडलेला पार्ट दुकानदार परत घेईलच असं नाही. म्हणून आधी अर्धा तास घरीच द्या.

सुरुवात मदरबोर्डपासून, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डापासून. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाइप करून एंटर दाबा. बेसबोर्ड प्रॉडक्ट, बायोस व्हर्जन आणि बायोस मोड या तीन ओळींचा मोबाइलवर फोटो काढा (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डावरच साठवलेलं सॉफ्टवेअर). बोर्डाचं रिव्हिजन (आवृत्ती क्रमांक) बोर्डावरच छापलेलं असतं, तेही टिपा. मग कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी उघडा.

ही यादी टाळू नका. सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नसतं. इंटेलच्या ७व्या आणि ८व्या पिढीचं सॉकेट नावाने एकच, एलजीए ११५१. पण जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डावरच्या नियंत्रक चिपवर) ८व्या पिढीचा प्रोसेसर बसतो, चालत नाही. एएमडीच्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० चालतो, मात्र बायोस नवं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर काढण्याआधीच टाकायचं. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊच नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

रॅमच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पिढ्या २८८ पिनांच्या, पण मधली खाच वेगळ्या जागी. जोर लावू नका. एम.२ स्लॉट (छोटी एसएसडी डिस्क बसवायची जागा) फक्त जुन्या साटा प्रकारची डिस्क घेतो की जास्त वेगवान एनव्हीएमई, हे मॅन्युअलमध्ये बघा. ग्राफिक्स कार्डासाठी कॅबिनेटमधली मोकळी लांबी टेपने मोजा आणि एसएमपीएसचे (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) वॉट व पॉवर कनेक्टर तपासा.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे बहुतेकांना ११ हवं असतं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो: इंटेलची साधारण ८वी पिढी, रायझन २००० पासून पुढे (त्यातलेही सगळे नाहीत). बायोस मोड ‘लेगसी’ (जुनी पद्धत) दिसला तर डिस्क बहुधा एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची असते. बॅकअप घेऊन विंडोजमधल्या ‘एमबीआर२जीपीटी’ (mbr2gpt) या साधनाने ती नव्या जीपीटी मांडणीत बदला, मगच बायोसमध्ये यूईएफआय (नवी पद्धत) चालू करा, उलट क्रमाने केलंत तर विंडोज उघडणारच नाही.

वाशी-ऐरोलीतल्या छोट्या ऑफिसांत खरी अडचण सॉफ्टवेअरची येते. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही. ३२-बिट प्रोग्रॅम बरेचसे चालतात, ३२-बिट ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र नाही. म्हणून जुना प्रिंटर, स्कॅनर आणि डाँगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्स-किल्लीवर) चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रत्येकाचा ६४-बिट ड्रायव्हर आधी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. जो मिळत नाही, त्याच्यासाठी जुनी मशीन तशीच राहू द्या.