नागाचे अग्निगोळे बघायला मेकाँगकाठी जाताय? या चुका टाळा

पहिली चूक तारखेची, ती मी स्वतः केली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

थायलंडच्या ईशान्येला नोंग खाय नावाचा प्रांत आहे. (नाव ऐकून घरचे हसतात, हसू द्या.) उत्तरेला मेकाँग नदी, पलीकडे लाओस. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, संपतो त्या पौर्णिमेच्या रात्री इथे नदीतून तांबूस गोळे वर येतात, आवाज न करता उंच जातात आणि विझतात. थाई लोक त्यांना 'बांग फाय फया नाक' म्हणतात, म्हणजे नागराजाचे अग्निबाण. बुद्ध स्वर्गात आईला उपदेश करून या दिवशी पृथ्वीवर परतले, त्यांच्या स्वागताला नदीतला नाग हे बाण सोडतो, अशी श्रद्धा आहे.

या दिवसाला म्हणतात 'ओक फान्सा'. यातला फान्सा म्हणजे आपलाच 'वर्षा' शब्द, ओक म्हणजे बाहेर पडणं. आपल्याकडे जी बौद्ध मंडळी वर्षावास पाळतात त्यांना हे सांगायला नको, त्यांचाही वर्षावास आश्विन पौर्णिमेलाच संपतो. मग मी हुशारी केली. आश्विन पौर्णिमा म्हणजे कोजागिरी! भिंतीवरच्या कॅलेंडरात 2024 ची कोजागिरी 16 ऑक्टोबरला होती, त्याच रात्रीचं हॉटेल घेतलं आणि दुसऱ्या दिवशीचं परतीचं विमान. तिथे पोहोचल्यावर कळलं, ओक फान्सा 17 तारखेला. हॉटेलवाल्या बाईंनी खोली एक दिवस वाढवून दिली, विमानाचे पैसे मात्र गेले.

कारण साधं आहे. कोजागिरीला आपण मध्यरात्री पौर्णिमा असलेली रात्र धरतो, थाई पंचांग शुक्ल पक्षाचा पंधरावा दिवस धरतं. 2025 मध्येही तेच झालं, कोजागिरी 6 ला आणि ओक फान्सा 7 ला. अधिक महिना आला की या एका दिवसाच्या फरकाचाही भरवसा नाही. 2020 मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन होता, कोजागिरी 30 ऑक्टोबरला आली आणि ओक फान्सा 2 ऑक्टोबरलाच होऊन गेला होता. तेव्हा तारीख थाई कॅलेंडरवरूनच घ्या आणि पुढची एक रात्र हाताशी ठेवा.

दुसरी चूक गावाची. लोक नोंग खाय शहरात नदीकाठचं हॉटेल घेतात आणि बाल्कनीतून गोळे दिसतील म्हणून बसून राहतात. गोळ्यांसाठी प्रसिद्ध काठ आहे तो फोन फिसायचा, शहरापासून नदीच्या खालच्या अंगाला सुमारे 45 किलोमीटरवर. त्याच्याही पुढे रत्तनवापी. तिथे जायचं तर दुपारीच निघावं, संध्याकाळी रस्ता नुसता तुंबतो. जाताना चटई, पाणी आणि डासांचं मलम बरोबर घ्या. शहरातल्या शहरात फिरायला मोठी टुकटुक मिळते, तिला इसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या या ईशान्य भागात, 'स्कायलॅब' म्हणतात. 1979 साली आपल्याकडेही डोक्यावर कोसळणार म्हणून ज्या अमेरिकी अंतराळस्थानकाची धास्ती घेतली होती, त्याचंच हे नाव.

तिसरी चूक म्हणजे दिसेल त्या उजेडाला गोळा समजणं. त्या रात्री लोक कागदी आकाशकंदील सोडतात, फटाके उडवतात, पाण्यात दिवे सोडतात. कंदील वाऱ्यावर तरंगत आडवा जातो, बराच वेळ दिसतो. ज्याला लोक गोळा म्हणतात तो सरळ वर जातो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो, मागे धूर राहत नाही. मोबाइलवर तो लाल ठिपक्यापलीकडे काही येत नाही, त्यामुळे स्क्रीनकडे बघत बसलात तर हुकणारच.

हे नक्की काय आहे यावर वाद जुना आहे. कोणी म्हणतं नदीच्या तळाच्या गाळातून वायू निघून पेटतो. 2002 साली एका थाई वाहिनीने दाखवलं की पलीकडच्या काठावरून सैनिक बंदुकीतून प्रकाशगोळ्या झाडतात, त्यावर इथले लोक प्रचंड भडकले. तुमचं मत काहीही असो, ते चटईवर बसून मोठ्याने मांडू नका. शेजारी आजी हात जोडून बसलेल्या असतात.

'त्याच रात्री नाखोन फनोमची दिव्यांची नौकायात्राही बघू' असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. तेही मेकाँगकाठीच आहे, पण जवळजवळ 300 किलोमीटर लांब. दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

दिवसा साला केओ कू बघायला जाल, जायलाच हवं. पण भर दुपारी नको. बुनलुआ सुलिलात या साधूने लाओसमधून इकडे आल्यावर 1978 पासून उभारलेलं सिमेंटच्या अवाढव्य मूर्तींचं हे उद्यान, उन्हात तव्यासारखं तापतं. सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध तर साधारण 25 मीटर उंच. त्याच साधूने आधी केलेलं असंच उद्यान लाओसमध्ये व्हिएन्टिनजवळ आहे. फोटोत दोन्ही सारखीच वाटतात आणि लोक भलत्याच काठावरचा पत्ता धरून बसतात.

पलीकडे जायचंच असेल तर 1994 साली खुला झालेला मैत्री पूल आहे, पण तो पायी ओलांडता येत नाही, बसने जावं लागतं. परत येणं म्हणजे थायलंडमध्ये नव्याने प्रवेश, म्हणजे डिजिटल आगमन पत्रही नव्याने भरायचं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

शाकाहारींची फसगत सोम तामच्या ताटलीत होते. कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणून मागवता, आणि इसानमध्ये तिच्यात आंबवलेल्या माशाचं पाणी घातलेलं असतं. भाजीच्या पदार्थांतही माशाचा सॉस जातो. 'मंगसविरत' म्हणा, तो आपलाच 'मांसविरती' शब्द आहे, फक्त त्यात अंडं चालतं. 'जे' म्हटलंत तर मांस, अंडं आणि कांदा-लसूणही नसतो. आमच्या आईला हा एका अक्षराचा शब्द फारच आवडला असता.

आणि हो, ओक फान्साला साध्या दुकानांत दारू विकत नाहीत. आदल्या दिवशी घेऊन ठेवू, असाही बेत करू नका, देवाच्या वाटेवर बसलेल्या माणसांत बाटली उघडलेली बरी दिसत नाही.

परतीची घाई मीच केली असती. साडेनऊला दोन गोळे बघून झाले आणि मी उठलो. शेजारच्या बाईंनी बांबूच्या करंडीतून चिकट भाताचा मुटका काढून माझ्या हातात ठेवला आणि रस्त्याकडे बोट दाखवून मान हलवली. दिव्यांची रांग जागच्या जागी उभी होती. मी परत बसलो, भात खाल्ला. साडेअकराला निघालो तरी हॉटेलवर पोहोचायला दोन वाजले.