हाताची नाडी लागत नाही? ताकायासू आजार असा तपासून घ्या
माझ्या धाकट्या बहिणीचा डावा हात वर्षभर धुणं पिळताना भरून यायचा, बारीक ताप, वजन उतरलेलं, आणि इथं कोल्हापुरात एका डॉक्टरांनी नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. शेवटी दुसऱ्यांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, उजव्यात १५०, डाव्यात ९०! निघाला ताकायासू, म्हणजे महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) न तिच्या फांद्या सुजून अरुंद होण्याचा आजार.

म्हणून पहिलं काम हेच, दोन्ही हातांचं बीपी घ्यायला लावा, वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक सारखा येत असेल तर सोडू नका, चाळिशीच्या आतली बाई असेल तर अजिबातच नाही. मग ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या (नॉर्मल आले तरी आजार असू शकतो बरं का) आणि सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, त्यात महाधमनी न तिच्या फांद्या कुठं अरुंद झाल्यात ते दिसतं. रिपोर्ट घेऊन ऱ्हुमॅटॉलॉजिस्टलाच (सांधे न असल्या सुजेच्या आजारांचे डॉक्टर) दाखवा.

उपचार स्टिरॉइडनं सुरू होतात, ते मनानं एकदम बंद करायचं नाही. जोडीला बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) असतं, ते आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, आम्ही कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करतो. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, हे औषध त्यात चालत नाही.