मेंदू चमकला, पण नेमकं चमकलं काय?

जखमी मेंदूपर्यंत पोचणारे सूक्ष्म कण बनवणं हा माझा पीएचडीचा विषय. पहिल्या वर्षी मला वाटायचं, कण जमले की निम्मं काम झालं. १०० नॅनोमीटरचे पीएलजीए या पॉलिमरचे कण, वर पेग या दुसऱ्या पॉलिमरचा थर, आत लाल चमकणारा डाय, म्हणजे रंग. उंदराच्या मेंदूला इजा केल्यावर तीन तासांनी शेपटीच्या शिरेतून इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी मेंदू पाहिला, तर जखमेची बाजू लालभडक आणि दुसरी काळीकुट्ट. त्या रात्री पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

मीटिंगमध्ये सीनियरने एवढंच विचारलं, "नुसता डाय देऊन पाहिलास का?"

नव्हता पाहिला. मग दिला, तर तेवढंच लाल! कण सीरममध्ये (रक्ताच्या द्रव भागात) ३७ अंशांवर ठेवून सेंट्रिफ्यूज केले, म्हणजे वेगाने फिरवले; कण तळाशी बसले आणि वरचं सीरमही लाल. म्हणजे डाय वाटेतच सुटत होता, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटत होता आणि फुटक्या रक्तवाहिन्यांतून झिरपत होता. कणांचं श्रेय मी फुकटच घेत होते.

डायने चकवलेली मी काही पहिली नाही. १८८५ मध्ये पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, मेंदू रंगला नाही. त्याला वाटलं, मेंदूच रंग धरत नाही. १९१३ मध्ये त्याचाच शिष्य गोल्डमान याने ट्रायपान ब्लू मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला आणि मेंदू निळा झाला. अडत होतं ते रक्त आणि मेंदू यांच्या मधल्या भिंतीपाशी, म्हणजेच ब्लड-ब्रेन बॅरिअरपाशी.

मार लागला की ही भिंत तिथे फाटते आणि पुढच्या काही तासांत पुन्हा मिटू लागते. मोठ्या कणांसाठी ती लवकर बंद होते, म्हणून इंजेक्शनची वेळ मिनिटांसकट लिहून ठेवा. मी सुरुवातीला 'सकाळी' असं लिहायचे. हसू नका.

परफ्युजनमध्ये, म्हणजे मेंदू काढण्याआधी वाहिन्यांतलं रक्त धुण्यात, घाई तर अजिबात नको. हृदयातून सलाइन सोडून रक्त धुतलं नाही, तर वाहिन्यांत अडकलेले कण मेंदूच्या पेशींत पोचल्यासारखे दिसतात. लिव्हर फिकट पडेपर्यंत थांबा. शॅम गटही, म्हणजे तुलनेसाठी इजा न केलेले उंदीरही ठेवाच: कवटी उघडायची, पण मेंदूला इजा करणारा यंत्राचा पिस्टन मारायचा नाही. नुसत्या ड्रिलिंगच्या उष्णतेनेही खालच्या मेंदूला त्रास होतो, हे माझ्या शॅम उंदरांनीच शिकवलं.

कणांचा आकार पाण्यात मोजून समाधान मानू नका. रक्तात उतरताच त्यांच्यावर प्रथिनांचं आवरण चढतं, म्हणून सीरममध्येही मोजा.

केमिस्ट्रीतून येणाऱ्यांना सर्जरीची भीती वाटते, मलाही वाटायची. हात बसायला कित्येक महिने जातात. पिस्टनची खोली जराशी चुकली तरी जखमेचा आकार बदलतो आणि गटांची तुलनाच कोलमडते. तोवरचे आकडे प्रॅक्टिस म्हणून वेगळ्या वहीत टाका.

आणि पहिल्यांदा सगळे अवयव शेजारी मांडून इमेजिंग कराल तेव्हा मन घट्ट करा. मेंदूत मिळतो तो डोसचा अगदी किरकोळ भाग. लिव्हर आणि स्प्लीन (प्लीहा) मात्र दिवाळीसारखे उजळलेले असतात.