लेखन शिकवताना संशोधनाचा आधार घेताय? मग या चुका टाळा

‘व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, संशोधनानं सिद्ध झालंय’ हे वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात हमखास ऐकू येतं. पहिली चूक इथेच होते: निष्कर्ष अर्धा उचलायचा. 2007 साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या शिक्षण-संशोधकांनी अमेरिकेत चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. व्याकरणाचे सुटे धडे लेखनासाठी निरुपयोगी ठरले, हे खरं. पण त्याच आढाव्यात छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याचा सराव उपयोगी ठरला, आणि तोही व्याकरणाचाच सराव की! मुलांच्या वह्यांतलीच तुटक वाक्यं फळ्यावर घ्या आणि ती तीन-चार तऱ्हांनी जोडून घ्या.

दुसरी चूक म्हणजे लेखनाच्या प्रक्रियेचं वेळापत्रक करणं. लेखन-संशोधक जॅनेट एमिग यांनी 1971 मध्ये बारावीच्या आठ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं मोठ्यानं बोलत लिहायची आणि त्या ऐकायच्या. लिहिणारा पुढे जातो, अडतो, मागे फिरतो, असं त्यातून दिसलं. वर्गात मात्र त्याचं झालं काय? सोमवारी मुद्दे, मंगळवारी कच्चा खर्डा, बुधवारी दुरुस्ती! लिहिता लिहिता मुद्दा बदलला तर बदलू द्या. आणि आठ मुलांवरून सगळ्या वर्गाबद्दल नियम काढू नका.

सगळ्यात महागात पडते ती लाल शाई. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं 1970 मध्ये प्रवेशाची दारं खुली केली आणि लेखनाची सवयच नसलेले विद्यार्थी वर्गात आले. ‘यांना शिकवणं अशक्य’ म्हणणारे प्राध्यापकही होते. तिथेच शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी नव्या विद्यार्थ्यांची पातळी ठरवण्यासाठी लिहून घेतलेले सुमारे 4000 निबंध वाचून काढले. चुकांमागे बेफिकिरी क्वचितच असते, बहुधा काहीतरी तर्क असतो, असं त्यांनी 1977 मध्ये मांडलं. मराठीतच बघा. मूल ‘आणी’ लिहितं, कारण शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा नियम त्यानं पक्का केलेला असतो. ‘आणि’ अपवाद आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी नुसता गोल काढून काय साधणार? आठवडाभराच्या वह्यांतल्या चुका प्रकारानुसार वेगळ्या करा. जी चूक पुन्हा पुन्हा दिसते तिच्याबद्दल मुलालाच विचारा, ‘असं का लिहिलंस?’

‘विस्तार हवा’, ‘छान प्रयत्न’ असे शेरेही टाळा. कुठल्याही निबंधाखाली शिक्क्यासारखे उमटतील अशा या शेऱ्यांवर लेखन-संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी 1982 मध्येच बोट ठेवलं होतं. दोनच शेरे द्या, पण त्याच निबंधाबद्दल, आणि तेही खर्डा हातात असताना. गुण पडल्यावर ते कोण वाचतो?

शेवटची चूक म्हणजे शिक्षकांच्या एकदिवसीय कार्यशाळेवर भागवणं. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1974 पासून भरणाऱ्या उन्हाळी वर्गांत शिक्षक स्वतः लिहितात, एकमेकांचं वाचतात आणि आपल्या वर्गात काय जमलं ते इतरांना करून दाखवतात. एवढं शक्य नसेल, तर शाळेतल्या दोघा-तिघांनी महिन्यातून एकदा दहा वह्या समोर घेऊन बसावं.