निवृत्तीनंतर कोठे स्थायिक व्हावे: गाव आणि घर निवडताना

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे उरली की मुंबई-ठाण्यातील अनेक मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. गावी वडिलार्जित घर आहेच, ते दुरुस्त करून तिकडे जावे, की नाशिक, सातारा किंवा तळेगावला बेताचा फ्लॅट घ्यावा, की मुलांच्या जवळ पुण्यातच राहावे? ही चर्चा बहुधा हवा, शांतता आणि किंमत या तीन गोष्टींभोवती फिरते आणि निर्णय साठीतला, धडधाकट, स्वतः गाडी चालवणारा माणूस घेतो. प्रत्यक्षात त्या घरात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला राहायचे असते आणि पुढे कधीतरी दोघांपैकी एकालाच. म्हणून कोणतीही जागा पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा: आपल्यापैकी जो मागे राहील, त्याला किंवा तिला गाडी चालवता येत नसताना, सांभाळायला माणूस नसताना, या घरात निभावता येईल का?

हा प्रश्न विशेषतः गावाच्या बाबतीत पत्नीच्या बाजूने विचारला पाहिजे. ज्या गावाची ओढ आहे ते बहुतेक वेळा पतीचे गाव असते. तिथल्या वाटा, माणसे आणि आठवणी त्याच्या असतात. तिची चाळीस वर्षांची मैत्रिणींची मंडळी, भजनी मंडळ, ओळखीचे डॉक्टर आणि भाजीवाला शहरात असतो. शिवाय मे महिन्यात आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरते आणि ‘निवृत्त’ गृहिणीचा स्वयंपाकघरातला मुक्काम वाढतो. तिचे होकारार्थी उत्तर गृहीत न धरता तिला स्वतंत्रपणे विचारावे, आणि ती नको म्हणाली तर तो विषय तिथे थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पाहायचे ते रुग्णालय. जवळ दवाखाना आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पक्षाघाताच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्यामुळे जुलैतल्या मुसळधार पावसाच्या रात्री आपल्या दारापासून चोवीस तास चालू असलेल्या सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, याचे उत्तर मिळवावे. हृदयविकारासाठी अँजिओप्लास्टीची सोय कोणत्या शहरात आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्या तालुक्यात कुठे उभी असते, हे स्थानिक औषध दुकानदार नेमके सांगतो. सिंधुदुर्गातील कितीतरी रुग्ण गंभीर आजारात गोव्याच्या बांबोळी येथील शासकीय रुग्णालयाची वाट धरतात. सावंतवाडीकराला ते परवडण्यासारखे अंतर आहे, पण त्याच जिल्ह्यातील वैभववाडी किंवा देवगडच्या माणसाला तेच अंतर फार जड जाते. जिल्हा एक असला म्हणून सोय एक नसते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आठवड्यातून सहसा तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिससाठी जावे लागते, आणि मग वीस किलोमीटरसुद्धा खूप होतात.

खर्चाची बाजूही गावावर अवलंबून असते. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्यासाठीच्या सरकारी आरोग्य योजनेची केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत मिळतात. ती ज्या भागात नाहीत तिथे राहणाऱ्या पात्र निवृत्तिवेतनधारकाला बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता घेता येतो, पण महागड्या औषधांपुढे ती रक्कम अपुरी पडते. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. मात्र योजनेत नोंदलेले रुग्णालय आपल्या निवडलेल्या गावाजवळ आहे का, हे आधी पाहावे. खासगी आरोग्यविमा असेल तर कंपनीच्या विनारोकड (कॅशलेस) यादीतील रुग्णालये त्या जिल्ह्यात किती आहेत, हेही त्याच बैठकीत तपासावे.

हवामानाविषयी लोक सहलीच्या अनुभवावर बोलतात आणि तिथेच फसतात. महाबळेश्वर सुट्टीत सुंदर असते. पण वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणी जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते आणि दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या रुग्णाला ते चार महिने काढणे अवघड होते. आंबोलीत तर हा आकडा सात हजारांच्या आसपास जातो. गंमत अशी की महाबळेश्वरपासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही कमी असतो, आणि घाट उतरून वाईत आले की आणखी उतरतो, कारण सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होत जातात. याच कारणामुळे घाटाच्या पूर्व पायथ्याची वाई, सातारा, जुन्नर यांसारखी गावे निवृत्तांना मानवतात, असे माझे निरीक्षण आहे. विदर्भात मूळ असलेल्यांनी मे महिन्यातील ४५ अंशांचा विचार वयाच्या सत्तरीतल्या शरीराने करावा, लहानपणीच्या आठवणींनी करू नये.

कोकणातील घराविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मुंबईकराचे मन सर्वांत आधी तिकडे धावते. तिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांत टँकर येतो, कारण जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून पाणी झिरपून समुद्राकडे निघून जाते. म्हणून विहीर पाहायची तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहावी. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारावे लागते; माकडे कौले फोडतात, वाळवी वासे खाते, आणि ही कामे करणारे गडी आता सहज मिळत नाहीत, कारण वाडीतील तरुण स्वतःच मुंबईला आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली भागातील कित्येक गावे अनेक दिवस विजेविना होती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही. इन्व्हर्टर, पाण्याची मोठी टाकी आणि शक्य असल्यास छतावर सौरपॅनेल यांचा खर्च घराच्या किमतीतच धरावा. फुरसे आणि विंचू ही तिथली नित्याची भीती आहे, तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविष ठेवलेले असते का आणि रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, याची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. वाडीत बारमाही राहणारी घरे किती, तेही मोजावे. गणपतीत गजबजलेल्या वाडीत फेब्रुवारीतल्या संध्याकाळी तीनच घरांत दिवा लागत असेल, तर एकट्या राहिलेल्या माणसासाठी ती वाडी योग्य नाही.

वडिलार्जित घराचा आणखी एक धागा म्हणजे भाऊबंदकी. घर ‘आपले’ असले तरी सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव असते आणि खाली वारसांची लांबलचक रांग असते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. तो हातात आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. सामाईक घरावर निवृत्तीची पुंजी खर्च करण्याआधी वारसनोंद करून घ्यावी आणि शक्य असेल तर नोंदणीकृत वाटपपत्र करावे. चुलतभाऊ आज प्रेमाने ‘राहा की, कोण नाही म्हणतो’ असे म्हणतो. त्याची मुले तसेच म्हणतील याची हमी तोही देऊ शकत नाही.

नवी जागा घेणाऱ्याने कागद अधिक काटेकोरपणे पाहावेत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला, कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार, परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून दाखवली जाणारी जमीन अकृषिक झाली आहे का, की एका मोठ्या गटातील काही गुंठे सामाईक नावावर विकले जात आहेत, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. समुद्राजवळ सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागतात, आणि महाबळेश्वर-पाचगणी व माथेरानचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित असल्याने तिथल्या बांधकामावर बंधने आहेत. माथेरानमध्ये तर रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद वगळता मोटारींना प्रवेशच नाही, हे गुडघे दुखू लागल्यावर जाणवते. नदीकाठच्या गावात जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. सांगली-कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूणने जुलै २०२१ मध्ये जे पाहिले, त्यानंतर तळमजल्यावरचे स्वस्त घर नदीजवळ घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. डोंगरउताराच्या पायथ्याशी, माती कापून केलेल्या सपाटीवरचा बंगला मी कोणालाही सुचवणार नाही.

इतके सगळे चाळल्यावर बहुतेकांसाठी मध्यम आकाराचे शहर किंवा मोठे तालुक्याचे गाव उरते, आणि माझा कौलही तिकडेच आहे. मात्र त्या शहराच्या बाहेर दहा किलोमीटरवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असलेल्या बंगल्यांच्या वसाहतीला तो लागू नाही. भाजी, औषधे, बँक, वाचनालय आणि एसटी स्थानक पायी गाठता येईल अशी जुन्या वस्तीजवळची, लिफ्ट असलेली इमारत शोधावी. तळेगाव दाभाडेला पुणे-लोणावळा लोकलमुळे पुण्याच्या रुग्णालयांशी आणि मुलांशी संबंध टिकतो. नाशिकला हवा कोरडी, शहर मोठे आणि मुंबई काही तासांवर असते. पुण्यात सोयी सर्वाधिक आहेत, पण वाहतुकीची कोंडी आणि किमती पाहता मुले तिथे नसतील तर पुण्याचा हट्ट धरण्याचे कारण दिसत नाही.

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या गृहप्रकल्पांचा पर्याय आता स्थिरावला आहे. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला सोयीची दारे आणि मार्गिका, न्हाणीघरातील आधारदांडे, न घसरणाऱ्या फरश्या यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली. जाहिरातीतील पोहण्याचा तलाव बाजूला ठेवून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मासिक देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढणार, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाला तिथेच राहू देतात का, आणि पुढे वारसांना हे घर विकायचे झाल्यास खरेदीदाराच्या वयाची अट आहे का.

राज्याबाहेर, विशेषतः बेळगाव किंवा गोव्यात जाणाऱ्यांनी भाषा-संस्कृतीच्या जवळिकीबरोबर एक बारीक हिशेबही करावा. महाराष्ट्र एसटीत ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे.

जागा ठरली तरी लगेच विकत घेऊ नये. आधी वर्षभर भाड्याने राहावे, आणि ते वर्ष पावसाळा व एप्रिल-मे दोन्ही पाहणारे असावे. भाडेकरार नोंदणीकृत करावा. महाराष्ट्रात तसा तो करणे घरमालकावर बंधनकारक आहे. या काळात मुंबईचे घर विकू नये. एकदा विकलेले घर त्याच वस्तीत पुन्हा घेणे निवृत्ताच्या आवाक्याबाहेर जाते, आणि दरम्यान ते भाड्याने दिल्यास नव्या ठिकाणचा खर्चही निघतो. पुढे विकायचे ठरलेच, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावरील कर टाळण्यासाठी नवे घर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षांनंतरपर्यंत खरेदी करावे लागते, किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे लागते. म्हणून विक्रीची तारीख करसल्लागाराशी बोलून ठरवावी. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून त्याच्याकडे राहायला जाण्याचा विचार असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्या बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट न पाळल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते, परंतु अट लेखी नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते.

हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा पडताळून डिजिटल पद्धतीने देता येत असल्याने निवृत्तिवेतनासाठी जुन्याच शहरातील बँकेत जाण्याची गरज उरलेली नाही. तरीही निवृत्तिवेतनाचे खाते नव्या गावातील शाखेत हलवावे आणि पती-पत्नीचे संयुक्त खाते असल्याची खात्री करावी, म्हणजे पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी धावपळ होत नाही. आधारवरील पत्ता, मतदारयादी, शिधापत्रिका आणि गॅसजोडणी वर्षभराच्या प्रयोगानंतरच बदलावीत. मृत्युपत्रात जुन्या पत्त्यावरची मालमत्ता नमूद असेल, तर घर बदलल्यावर तेही नव्याने करावे आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे दोघांनाही माहीत असावे.