गिलक्याच्या घासण्या काळ्या पडत होत्या

मे संपत आलेला. नाशिकजवळ गिरणाऱ्याला आमच्या वीस गुंठ्यांच्या बांधावर गिलकी जून होऊन लटकत होती. आईला अंगघासण्या करायच्या होत्या. मी घाईने अर्धवट पिवळी फळं सोलली. गर चिकट, जाळीवर चार दिवसांत काळे ठिपके. आणि वास तर विचारूच नका!

उरलेली वेलावरच ठेवली. तपकिरी, हलकी झाली, कानाशी हलवल्यावर बिया खुळखुळल्या, तेव्हाच तोडली. रात्रभर बादलीत भिजवल्यावर साल सहज सुटली. टोक कापून बिया झटकल्या (पावसाळ्यात लावायला ठेवल्यात), जाळी दोन-तीन पाण्यांत चोळून कडक उन्हात टांगली. वळवाच्या धास्तीने संध्याकाळी आत घ्यायचो.

अकरा घासण्या झाल्या. आईने सुतळी ओवून एक शेजारच्या काकूंना दिलीसुद्धा.