सोलापूर परिसरातील खडक दुर्मिळ धातूंचा आहे का, हे कसे पारखावे

विहीर खणताना चमकदार खडा हाती लागला, तर तो कोणता धातू असेल हे विचारण्याआधी ज्या खडकातून तो निघाला त्यात धातू एकवटायला वाव होता का, हे पाहावे. दुर्मिळ म्हटले जाणारे धातू मुळात फार कमी असतात असे नाही; त्यांतलेच सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आहे. अडचण असते ती हे धातू एका जागी गोळा होण्याची.

जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा शिलारस सावकाश थिजतो, तेव्हा लिथियम, नायोबियम, टँटलम यांचे आयन आकारामुळे किंवा विद्युतभारामुळे आधी तयार होणाऱ्या खनिजांच्या स्फटिकरचनेत सहज मावत नाहीत. त्यामुळे ते उरलेल्या द्रवात साचत जातात, आणि पाण्याने व फ्लोरिनने पातळ झालेला हा शेवटचा रस भेगांत शिरून मोठमोठ्या स्फटिकांचा पेग्मॅटाइट होतो. लिथियम ऑक्साइडचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास असलेल्या धातुकात, म्हणजे धातू काढण्याजोग्या खडकात, भूकवचाच्या सरासरीच्या सुमारे २०० पट लिथियम असते.

सोलापूरचा बेसाल्ट मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हाचा आहे, आणि तो तुलनेने लवकर थिजल्यामुळे असा वेगळा रस उरलाच नाही. म्हणून खडक काळा, बारीक कणांचा आणि पोकळ्यांचा असेल, तर पोकळीतला पांढरा स्फटिक चाकूने ओरखडून पाहावा. ओरखडा उमटला नाही तर ती बहुधा गारगोटी. उमटला, आणि पुडीवर लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले, तर कॅल्साइट. बुडबुडे आले नाहीत तर बहुतेक झिओलाइट, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारे खनिज. झिओलाइट दिसायला सुंदर असतो, संग्राहक तो विकतही घेतात, पण दुर्मिळ धातूंची ती खूण नव्हे.

सीनेची मूठभर वाळू परातीत पाणी घेऊन हलकेच फिरवली, तर तळाशी काळे, जड कण उरतात. वाळवून त्यांवरून लोहचुंबक फिरवावे. जे झटकन चिकटतात ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे, आणि तेच बव्हंशी सापडतील, कारण सीना व भीमा या दोन्ही नद्या येथवर बेसाल्टच्याच प्रदेशातून येतात.

तरीही दख्खनच्या ज्वालामुखी काळाला सरसकट वांझ म्हणू नये. गुजरातेत छोटाउदेपूर जिल्ह्यातील अंबा डुंगर येथे त्याच काळातील कार्बोनेटाइट खडकात (कार्बोनेट खनिजांनी बनलेल्या अग्निजन्य खडकात) फ्लोराइट हे फ्लोरिनचे खनिज आणि सिरियमसारखे दुर्मिळ मृदा धातू आढळतात.

पेग्मॅटाइट पाहायचाच असेल, तर बेसाल्टचे आवरण संपून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो अशा कर्नाटकातील रायचूर-यादगीरच्या दिशेने जावे. तेथे फेल्डस्पार या खनिजाचे बोटभर लांबीचे स्फटिक आणि अभ्रकाच्या जाड थप्प्या असलेला पट्टा दिसला, की त्याची दिशा, जाडी व जागा टिपून ठेवावी आणि मगच नमुन्याचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. पेग्मॅटाइटांपैकी बहुसंख्य धातूच्या दृष्टीने रिकामेच निघतात.